दोनशे बारा नंबरच्या घराचं मत

१

सोमवारी सकाळी वाहिनीच्या पाहणी विभागात एक खोकं परत आलं. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. दहा वर्षं नेमाने आमच्या मालिका बघून मत कळवणाऱ्या घरांना वाहिनी असं घड्याळ भेट पाठवते. खोक्यावर कुरिअरवाल्याने पेनने लिहिलं होतं, ‘दार उघडलं नाही. शेजारी म्हणाले, या बाई पाच आठवड्यांपूर्वी वारल्या.’

पाहणीवाली हळहळली. तिने यादी काढली, घर क्रमांक दोनशे बारा शोधलं, नाव खोडायला पेन उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. दोनशे बाराची रोजनिशी तिच्या समोर, आजच्या गठ्ठ्यात, सगळ्यांत वर पडली होती. गेल्या सोमवारीही आली होती. त्याच्या आधीच्याही. पाच आठवड्यांत पाच.

म्हणजे बाई गेल्या, पण दर शनिवारी टीव्ही बघायच्या थांबल्या नाहीत. मार्कसुद्धा देत होत्या.

मला फोन आला तो अकरा वाजता. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं मी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळली. म्हणजे काय, तर सकाळी चित्रीकरण थांबलं तेव्हा नायिकेचा कप उजव्या हातात असेल, तर दुपारी पुढचा तुकडा घेताना तो उजव्याच हातात आहे ना, मेणबत्ती तेवढीच जळलेली आहे ना, हे बघणारी बाई. लोक गोष्ट बघतात, मी कप बघते. घरचे म्हणतात, हिच्या शेजारी बसून टीव्ही बघणं ही शिक्षा आहे. सेटवर मला सगळे मावशी म्हणायचे, अजूनही म्हणतात.

“मावशी, हे बाहेर बोलता येत नाही आणि पोटातही ठेवता येत नाही,” कार्यक्रमप्रमुख म्हणाली. ती एकेकाळी माझ्या हाताखाली शिकली होती. “तुम्ही या. येताना डोळे घेऊन या.”

“काय चोरीला गेलंय?”

“गेलेलं काहीच नाही,” ती म्हणाली. “जास्तीचं आलंय. आणि त्याच्यावर शुक्रवारी एक मालिका जगणार आहे नाहीतर मरणार आहे.”

२

त्या आठवड्यात शहरावर धुकं बसलं होतं. वाहिनीच्या इमारतीचे वरचे मजले त्यात विरघळून गेले होते. आत लांबलचक मार्गिका, आणि भिंतीवर ओळीने आवाज बंद केलेले पडदे. कुणी रडतंय, कुणी दार आपटतंय, कुणी पत्र वाचतंय, आणि सगळं मुकं. एकतीस वर्षं तिथून चालले, पण त्या दिवशी वाटलं, पाण्याखालून चालतेय.

प्रमुखने दार लावून घेतलं. पाहणीवाली कोपऱ्यात बसली होती, स्वतःचीच चूक असल्यासारखी.

मालिकेचं नाव ‘सव्वापाचची बोट’. एका तळ्यावरची शेवटची बोट, रोज तेच सात-आठ प्रवासी, आणि एक बोटवाला. तेरा भागांचं पहिलं पर्व. लेखक नवा. सुरुवातीला मंगळवारी रात्री नऊची वेळ दिली. समोरच्या वाहिनीवर नेमकी त्याच वेळी गाण्याची स्पर्धा, हत्तीपुढे शेळी बांधावी तसं झालं. पाच भागांनंतर ती शनिवारी दुपारी चारला ढकलली. शनिवार चार म्हणजे आमच्याकडे मालिकांचा वृद्धाश्रम. तिथे गेलेली परत येत नाही.

“पण ही यायला लागली होती,” प्रमुख म्हणाली. “शनिवारी आपल्या यादीतली वीसच घरं ती बघतात. पण मनापासून बघतात. नियम असा, की बैठकीपर्यंत दाखवलेल्या शेवटच्या पाच भागांची सरासरी दहात सात आली तर दुसरं पर्व. आज सरासरी आहे सात पूर्णांक शून्य तीन.”

“आणि दोनशे बारा काढलं तर?”

तिने टेबलावरच्या पाच रोजनिश्या माझ्याकडे सरकवल्या. “बैठकीत मी ह्या मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या, मावशी. लोक गप्प झाले होते ऐकून. आता कुणी म्हणालं की वाहिनीने मेलेल्या बाईच्या नावाने मतं लिहिली, तर ही एक मालिका नाही, सगळीच पाहणी बुडेल. गुरुवारपर्यंत मला सांगा, कोण.”

मी आधी पाकिटं बघितली. घरांना वाहिनी छापील पाकिटं देते, त्यांना तिकीट लागत नाही. पण टपालात पडलेल्या पाकिटावर टपालाचा काळा शिक्का उमटतोच. मी पाचही पाकिटं खिडकीपाशी धरून उलटी-सुलटी केली.

“ही टपालाने आलेलीच नाहीत,” मी म्हणाले.

पाहणीवाली उभी राहिली. “मग?”

“ह्याच इमारतीतून आलीत. कुणीतरी सोमवारी सकाळी तुझ्या गठ्ठ्यात हाताने ठेवतं.”

३

मंगळवारी सकाळी मी बघायच्या खोलीत एकटी बसले. समोर पडदा, मांडीवर रोजनिश्या. शनिवारचे ते पाच भाग ओळीने लावले.

काय सांगू, मालिका छान होती. तळ्यावर धुकं, बाहेर खिडकीतही धुकं. कुठे पडदा संपतो आणि कुठे खिडकी सुरू होते ते कळेना. बोट सुटायची, पोचायची. त्यात फार काही घडत नव्हतं आणि तरी उठवत नव्हतं.

प्रत्येक रोजनिशीत तीन जागा असतात. किती वाजता बघायला सुरुवात केली, दहापैकी किती मार्क, आणि दोन ओळी मत. पहिल्या आठवड्याला नऊ मार्क : ‘आज कोणी फार बोललं नाही. दोरी खांबाला घासत होती तेवढीच. पुरे झालं.’ दुसऱ्याला आठ : ‘बोटवाल्याची बहीण रागावली की भांडी हळू ठेवते. खरं आहे. राग मोठा असला की भांडी हळूच ठेवली जातात.’ तिसऱ्याला चार : ‘गाणं कशाला घातलं? पाण्याचा आवाज झाकला.’ चौथ्याला नऊ : ‘बोटवाल्याने रिकाम्या बाकावर शाल घातली. आता ती जागा थंड पडणार नाही.’ पाचव्याला परत नऊ : ‘शिक्षिका जिना उतरताना एका पायरीवर अडखळते. तिला दुःख आहे, ती सांगत नाही.’

सुरुवातीच्या वेळाही गमतीच्या होत्या. बाकीच्या एकोणीस घरांनी नुसतं ‘चार’ लिहिलं होतं. दोनशे बारामध्ये लिहिलं होतं : चार वाजून दोन मिनिटं. चार. चार वाजून तीन. चार वाजून एक. चार वाजून चार.

मग मी बाई हयात असतानाच्या रोजनिश्या काढल्या. अक्षर तिरकं, घाईचं. ‘शिक्षिकेचा पिवळा स्वेटर छान. त्या घरातले पडदे एकदा धुवा म्हणावं. बोटवाल्याचे डोळे थकलेले दिसतात, झोप होत नसावी.’

मी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. अक्षर वेगळं होतं, पण अक्षराचं मला काही वाटत नाही. अक्षर कुणीही बदलतं. फरक दुसराच होता. बाईंच्या रोजनिशीत नुसते रंग, कापड, डोळे, पडदे. नंतरच्या पाचांत दोरी घासते, भांडी वाजतात, पाणी झाकलं जातं, पायरीवर पाऊल अडखळतं. आधी सगळं डोळ्यांचं, मग सगळं कानांचं.

एक शाल तेवढी सोडून. शाल घातल्याचा आवाज होत नाही. ती बघावीच लागते.

म्हणून मी चौथा भाग पुन्हा लावला. बोट रिकामी होते. बोटवाला दोरी सोडतो. मग एकदम किनारा. पुन्हा लावला. पुन्हा किनारा. तिसऱ्यांदा एकेक चित्र थांबवत गेले.

ती शाल कुठेच नव्हती.

४

दोनशे बारा नंबरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं. दवाखान्यात नोंदी ठेवायचं काम करते, नुकतीच आली होती, अजून ओळखपत्र गळ्यात होतं. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. घरात ती आणि सासरे.

“रोजनिशी?” ती म्हणाली. “ती सासूबाई भरायच्या. त्या गेल्यावर कुणी भरली नाही. थांबा.” तिने कपाटाचा खण ओढला. कोऱ्या रोजनिश्या आणि छापील पाकिटं तशीच, रबरात बांधलेली. मी मोजली. एकही कमी नव्हती.

“शनिवारी दुपारी तुम्ही घरी असता?”

“सातला येते. बाबा एकटेच असतात. त्यांना म्हटलं, शेजारच्या काकूंना बसवते, तर नको म्हणतात.”

बाबा आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, टीव्हीकडे तोंड करून. टीव्ही बंद होता. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं तसे म्हणाले, “या बाई. तुमच्या डाव्या चपलेचा टाका सुटत आलाय. जिन्यात सांभाळा.”

मी चपलेकडे बघितलं. खरंच सुटत आला होता. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि तेव्हा कळलं, की ते माझ्याकडे बघत नव्हते. बघू शकत नव्हते.

“अकरा वर्षं झाली,” ते सहज म्हणाले. “त्याआधी काचेच्या कारखान्यात होतो. बाटलीवर टिचकी मारायची आणि तडा आहे की नाही सांगायचं. डोळे गेले तेव्हा साहेब म्हणाले, तुम्हाला काय फरक पडतो, या कामाला. पण घरी फरक पडला. मग ही सांगायला लागली. टीव्हीवर काय चाललंय ते सगळं. आता तो उठला, आता तिने पडदा ओढला, मळका आहे पडदा. मालिका कमी आणि हिची टीका जास्त.” ते हसले. मग हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर.

खोलीत मी माझ्या सवयीने नजर फिरवली. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता, तिथे वर्षानुवर्षं स्टूल आणि फोन असणार. तो फोन आता आरामखुर्चीच्या हाताशी होता. वायर दारातून ओढून आणलेली, तीही नवी.

“बाबा,” मी विचारलं, “‘राग मोठा असला की भांडी हळू ठेवली जातात’, हे कुणाचं म्हणणं?”

त्यांचा हात खुर्चीवर थांबला. सून म्हणाली, “अहो, हे तर बाबा नेहमी म्हणतात. आईंबद्दल.”

“मत माझं आहे,” बाबा म्हणाले. “खोटं एक अक्षर नाही त्यात. गाणं नाही आवडलं, तर चार दिले.”

“आणि हात कुणाचा?”

“ते सांगणार नाही, बाई. दोन माणसांतलं बोलणं आहे. मी शब्द दिलाय.”

५

बुधवारी मी शाल शोधायला निघाले.

एडिटरच्या खोलीत कायम अंधार असतो, बाराही महिने तिथे संध्याकाळच असते. त्याने न विचारताच मूळ प्रत लावली. बोटवाला दोरी सोडतो. मग वळतो. शेवटच्या बाकावर रोज बसणारी म्हातारी आज आलेली नाही. तो अंगावरची शाल काढतो आणि बाकावर पसरतो, कडा सारख्या करतो, आणि वल्ही मारायला लागतो. बावीस सेकंद.

“हे का कापलंस?” मी विचारलं.

“मी नाही कापलं, मावशी. मंगळवारी भाग तीस मिनिटांचा होता. शनिवारच्या खाचेत सव्वीसच मावतात. चार मिनिटं कुठून काढायची त्याचा कागद वेळापत्रकातून येतो, लाल पेन्सिलीच्या खुणा करून. मी नुसती कात्री.”

“म्हणजे चित्रीकरणवाले सोडले, तर या इमारतीत ही शाल बघितलेली माणसं किती?”

त्याने बोटं मोजली. “लेखक. मी. आणि लाल पेन्सिल. दिग्दर्शक तर तिसऱ्या आठवड्यातच दुसऱ्या कामावर परदेशी गेला.”

“शनिवारी चारला तू कुठे असतोस?”

“दोनलाच जातो. आईला बागेत न्यायचं असतं. दरवाज्यावरच्या वहीत बघा.” बघितलं. खरं होतं.

लेखक उपाहारगृहात थंड झालेल्या चहासमोर बसला होता. सडपातळ, दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे.

“मी लिहिल्या म्हणता रोजनिश्या?” तो म्हणाला. “मला सुचलं असतं तर लिहिल्याही असत्या! पण मावशी, माझ्या मालिकेला मी चार दिले असते का?” मग म्हणाला, “नाही, त्या भागाला चारच द्यायला हवे होते. गाणं निर्मात्याने घुसवलं. भांडी हळू ठेवण्याचं कुणी लिहिलंय? तेवढं कळलेला एकच माणूस भेटला आत्तापर्यंत, आणि तोही मेलेला म्हणताय.”

“प्रक्षेपण बघतोस शनिवारी?”

“छे! चार वाजता मी टीव्ही असलेल्या घरात थांबूच शकत नाही. पुलावर जाऊन उभा राहतो. परत येतो तेव्हा साडेपाच होऊन गेलेले असतात.” त्याने चहाचा कप दूर सारला. “वेळापत्रकातल्या त्या मिनिटकाकाने माझी शाल कापली. आधी मालिका मंगळवारातून उचलून शनिवारच्या खड्ड्यात टाकली, मग तिचे चार-चार मिनिटं हातपाय तोडले. त्याला विचारा. त्याला माणसं दिसत नाहीत, पट्ट्या दिसतात.”

पाहणीवालीकडे जाऊन मी दोनच गोष्टी विचारल्या. कोऱ्या रोजनिश्या कुठे असतात? उघड्या कपाटात, कुणीही घ्याव्यात. शनिवारी बाहेरून वाहिनीला फोन आला तर कोण घेतं?

“शनिवारी फोनवाल्या मुली नसतात,” ती म्हणाली. “सगळे फोन वेळापत्रकाच्या खोलीत वाजतात.”

मग मी प्रक्षेपणाची नोंदवही मागवली. शनिवारचे कार्यक्रम सहसा ठोक्यावर सुरू होत नाहीत, आधीची बातमीपत्रं लांबतात. गेल्या पाच शनिवारी बोट प्रत्यक्षात किती वाजता सुटली होती?

चार वाजून दोन. चार. चार वाजून तीन. चार वाजून एक. चार वाजून चार.

६

मिनिटकाकाची खोली इमारतीच्या टोकाला. एका भिंतीवर मोठा फळा, त्यावर रंगीत कागदी पट्ट्या. निळी मालिका, पिवळ्या बातम्या, हिरवे मुलांचे कार्यक्रम. सव्वीस वर्षं हा माणूस त्या पट्ट्या इकडच्या तिकडे करत आलाय. इमारतीत त्याला सगळे घाबरतात. त्याने पट्टी उचलली की कुणाचा तरी संसार हलतो.

गुरुवारी दुपारी मी आत गेले तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. धुकं काचेला टेकलं होतं.

“तीन वाजून अडतीस,” तो म्हणाला. “बसा मावशी.”

“याच सवयीने तुम्हाला पकडलं,” मी म्हणाले. “घरात बसलेला माणूस ‘चार’ लिहितो. चार वाजून तीन मिनिटं तुम्हीच लिहिणार.”

तो वळला नाही. मी सांगत गेले. रोजनिश्या इमारतीतून येतात, म्हणजे लिहिणारा आतला. त्यातली मतं फक्त ऐकणाऱ्याची, म्हणजे ऐकणारा आणि लिहिणारा एक नाही, माणसं दोन. ऐकणाऱ्याने खुर्चीजवळ फोन ओढून घेतलाय, शनिवारी फोन याच खोलीत वाजतो. आणि शाल. जी प्रक्षेपणात नव्हती ती आंधळ्या माणसाला कुणीतरी सांगितली. ती ठाऊक असलेली माणसं तीन. एक बागेत, एक पुलावर.

“कापली मी,” मिनिटकाका म्हणाला. “म्हणून सांगितली मी.”

तो येऊन बसला. हातातली निळी पट्टी तो बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता.

“बाई गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी फोन वाजला. एक म्हातारे गृहस्थ. रागावले नव्हते. म्हणाले, तुमच्या मालिकेत आत्ता दीड मिनिट कोणी बोललं नाही, तेव्हा काय चाललं होतं? सांगणारं माणूस घरात राहिलं नाही. मी म्हटलं, काही नाही, बोट चालली होती. ते म्हणाले, अहो, कशी?” पट्टी त्याच्या बोटावरून सुटली. “मावशी, सव्वीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, कशी. किती मिनिटं, एवढंच विचारतात. मी सांगायला लागलो आणि मला येईना. तळं कोणत्या रंगाचं ते मला सांगता येईना. भाग मी बघितला होता, कापलाही होता.”

“मग?”

“मग पुढच्या शनिवारी मीच फोन केला. चारला पाच कमी असताना. सव्वीस मिनिटं सांगत राहिलो. ते मधूनच म्हणायचे, थांबा, हे मला ऐकू येतंय, तुम्ही चित्राचं सांगा. शेवटी म्हणाले, आमची ही रविवारी मार्क द्यायची. मला कधी कुणी विचारलं नाही, मी आठ देतो म्हणून लिहा. आणि तिचं नाव यादीतून काढू नका हो, इतक्यात नको. मी एक कोरी रोजनिशी घेतली. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं, आधीच्या शनिवारचंसुद्धा. माझा एक शब्द नाही. वेळ तेवढी माझी.”

“शनिवारी चारला का ढकललीत? मालिका मारायला?”

“सगळे तेच म्हणतात.” तो पहिल्यांदा हसला. “दुपारी चारला लोक अर्धवट झोपेत असतात. मला वाटलं, ही मालिका अर्धवट झोपेतच बघायची आहे. मंगळवारी नऊला ती आणखी पंधरवड्यात मेली असती. पण खाच सव्वीसचीच होती. काहीतरी कापावंच लागलं. चौथ्या शनिवारी मला राहवलं नाही. म्हटलं, इथे एक शाल होती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, फोन तुटला.”

बाहेर मार्गिकेत कुणाची तरी पावलं गेली. मी म्हणाले, “दोनशे बारा काढलं तर सरासरी किती होते, तुम्ही मांडून बघितलंच असणार.”

“सहा पूर्णांक नव्याण्णव.” त्याने पट्टी टेबलावर सपाट केली. “मालिका वाचवायला केलं असतं तर तिसऱ्या आठवड्याला त्यांनी सांगितलेले चार मी चारच लिहिले नसते, एवढं लक्षात घ्या.”

“मला प्रमुखला उत्तर द्यायचंय. आजच.”

“तुम्ही देऊ नका,” तो उठला. “मी जातो.”

दाराशी पोचल्यावर त्याने मागे वळून फळ्याकडे बघितलं. “एकच विचारतो. त्यांना कळेल का, की त्यांचं मत काढलं म्हणून मालिका बंद पडतेय?”



७

शुक्रवारच्या बैठकीला मी दाराशेजारच्या खुर्चीत बसले होते. मिनिटकाकाने उभं राहून सगळं सांगितलं, तीन मिनिटांत, एकदाही कुणाची दया न मागता. पाच रोजनिश्या मोजणीतून काढल्या गेल्या. प्रमुखने तरी हट्ट धरला, एका शतांशाने कुणी मरतं का म्हणाली. निर्माता म्हणाला, आज एक शतांश सोडला तर उद्या प्रत्येक जण तोच मागेल. हात वर झाले. दोन विरुद्ध तीन. बोट बंद.

मिनिटकाकाला त्याच्या खोलीतून हलवून जुन्या फितींच्या संग्रहात पाठवलं. त्याने पट्ट्या रंगवार लावून दिल्या आणि पेन्सिली घरी नेल्या.

बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी शब्द शोधत बसले होते, तोवर तेच म्हणाले, “बंद पडली ना? तुमच्या श्वासावरून कळलं.” मग खुर्चीत सावरून बसत, “माझे ते चार नडले का हो?”

“नाही बाबा. तुमचे मार्क धरलेच नाहीत.”

“हां,” ते म्हणाले. “मग ठीक. खोटे मात्र मी दिले नसते.”

राहिलेले दोन भाग ठरल्याप्रमाणे दाखवले गेले. दोनशे बारा आता यादीत नव्हतं, त्यामुळे तिथे जायला कुणाची मनाई नव्हती. मिनिटकाका दोन्ही शनिवारी त्यांच्या खोलीत, खुर्चीला खुर्ची लावून बसला आणि चित्र सांगत राहिला. शेवटच्या शनिवारी लवकर घरी आलेली सून म्हणाली, भाग संपल्यावर दोघं कितीतरी वेळ टीव्ही बंद न करता बसून होते, पुढचा पाककृतींचा कार्यक्रम चालू होता तरी.

लेखकाला हे सगळं मी सांगितलं ते त्याच पुलावर. तो कठड्याला टेकून ऐकत होता. मिनिटकाकाचं नाव आलं तेव्हा त्याचा जबडा आवळला. शालीचं ऐकलं तेव्हा तो पाण्याकडे बघायला लागला.

“त्या गृहस्थांचा पत्ता द्या,” तो शेवटी म्हणाला.

“काय करणार आहेस?”

“दुसरं पर्व लिहून तयार आहे, मावशी. तेराच्या तेरा भाग. ते चित्रित होणार नाही. पण त्यांना चित्रित झालेलं लागतं कुठे?”

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही पाच जण त्या खोलीत होतो. सुनेने अर्धी रजा घेतली होती. मिनिटकाका भिंतीला टेकून, लेखकाच्या नजरेला नजर न देता बसला होता, आणि लेखकाने त्याच्यासमोर स्वतःहून पाण्याचा पेला सरकवला होता, तेवढंच. खिडकीतून पिवळट ऊन आत येऊन सतरंजीवर पसरलं होतं. धुकं केव्हाच उठून गेलं होतं.

लेखक वाचायला लागला. आधी अडखळला, मग लागला. पहाट आहे. तळ्यावर कोणी नाही. बोटवाला येतो, बोटीतलं पाणी डब्याने उपसतो. समोरच्या काठावर एक अनोळखी बाई हातात बूट घेऊन उभी आहे. कोणी घाई केली नाही, कुणी कापलं नाही. वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला, आणि खोलीत नुसतं पाणी हलल्यासारखं वाटायला लागलं. मीसुद्धा कुठे होते कुणास ठाऊक. कप कुणाच्या कोणत्या हातात आहे ते मी त्या दिवशी बघितलं नाही.

लेखकाने पान उलटताना खुर्चीकडे बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले, हनुवटी छातीला टेकलेली, हात सैल सुटलेले. तो थांबला. आमच्याकडे बघून त्याने हळूच वही मिटायला घेतली.

“थांबलास का रे?” बाबा म्हणाले. “झोपलो नाही मी. बघतोय.”